शाकाहारी बघीरा

मंडळी, मोगलीला कळपात ठेवून घ्यावं म्हणून बघीरानं लांडग्यांना ताजा मारलेला बैल देऊ केला होता, आठवतं ना? रुडयार्ड किप्लिंग हा मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेला लेखक. त्याचं 'जंगल बुक' १८९४ मध्ये आलं आणि दोनच वर्षांत त्यातला हा काळा बिबट्या चक्क कोळी झाला!

त्याचं असं झालं. अमेरिकेत मिलवॉकीला जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम हे दांपत्य कोळ्यांचा अभ्यास करायचं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या, जाळं न विणता झेप घेऊन शिकार करणाऱ्या कोळ्यांना त्यांनी १८९६ मध्ये नावं दिली: अकेला, नगैना, बघीरा. 'बघीरा किप्लिंगी'चं वर्णन केलं ते फक्त नरावरून. मादीचं वर्णन व्हायला १९९६ साल उजाडलं. आणि हा खातो काय, हे तर कुणी विचारलंच नव्हतं. कोळी म्हणजे शिकारी, त्यात नाव बघीरा!

माझं नाव ऐकून माझी भाषा आणि माझं ताट ठरवून टाकणारे लोक मला अजून भेटतात, म्हणून पुढचा भाग मी जरा चवीनं सांगतो.

तिकडे आपल्या बाभळीचं एक भाऊबंद झाड आहे. त्याचे काटे बैलाच्या शिंगांसारखे फुगीर, आतून पोकळ. त्यात मुंग्या राहतात. झाड त्यांना मधुरस देतं, पानांच्या टोकांना पौष्टिक पिवळसर कण देतं. मुंग्या त्या बदल्यात झाडाची राखण करतात. कोस्टारिकात २००१ मध्ये एरिक ओल्सन यांना आणि मेक्सिकोत २००७ मध्ये ख्रिस्तोफर मीहान यांना दिसलं, की बघीरा मुंग्यांना हुलकावणी देत पानापानावरून उड्या मारतो आणि ते कण पळवून खातो. दोघांचा एकत्रित निबंध २००९ मध्ये छापून आला. मेक्सिकोत त्याच्या आहाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हे कणच होते, कोस्टारिकात साधारण साठ टक्के. जवळपास शाकाहारी असा हा पहिलाच कोळी.

अगदी सोवळा मात्र नाही. अधूनमधून तो मुंग्यांची अळी उचलतो, क्वचित भाऊबंदालाही खातो. बाकी वेळ मात्र पहारेकरी वळला की पान, आणि पुन्हा उडी.