ओंठ न मिटतां सांगितलेली रामकथा

अमुक अक्षरें असलेला लांबच लांब इंग्रजी शब्द शोधून काढण्याचा नाद सुशिक्षित घरांतून पुष्कळांना असतो. पांचही स्वराक्षरें ओळीनें ज्यांत येतात असा शब्द कोणता, या प्रश्नास 'फसीशसली' हें उत्तर मिळतें. एकही अक्षर पुन्हां न येतां पंधरा अक्षरें पुरीं करणारा शब्द विचारला, तर 'अनकॉपीराइटेबल' पुढें येतो. नऊ अक्षरांत एकच स्वराक्षर असलेला 'स्ट्रेंग्थ्स' हाहि या मंडळींचा आवडता. हा खेळ परदेशांतून आला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अक्षरांची अट घालून शब्द शोधण्याची विद्या पुणें जिल्ह्यांत, बारामतीस, अठराव्या शतकांतच परमावधीस पोंचली होती. आणि ती पोंचविणारा पुरुष म्हणजे कविवर्य मोरोपंत.

मोरेश्वर रामचंद्र पराडकर यांचा जन्म 1729 सालीं पन्हाळ्यास झाला. तेथेंच केशव पाध्ये व गणेश पाध्ये यांजपाशीं त्यांचें संस्कृत काव्यशास्त्राचें अध्ययन झालें. पुढें बारामतीकर बाबूजी नाईक यांच्या आश्रयास राहून त्यांनीं पुराण सांगितलें आणि ग्रंथरचना केली. 1794 सालीं ते निवर्तले. 'आर्याभारत' आणि 'केकावली' हे त्यांचे ग्रंथ सर्वांस ठाऊक आहेत. पण रामाचें एकच चरित्र त्यांनीं अनेक परींनीं गाइलें, ही गोष्ट अधिक विस्मयकारक आहे. त्यांचीं रामायणें एकशेंआठ म्हणून सांगितलीं जातात. तीं सर्वच आज उपलब्ध नाहींत. त्यांतील कित्येकांच्या नांवांतच त्यांची अट आहे. 'मंत्ररामायणां'त 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरी मंत्राचीं अक्षरें गुंफिलीं आहेत. आणि एकाचें नांव आहे 'निरोष्ठ रामायण'.

निरोष्ठ म्हणजे ओंठांवांचून. प, फ, ब, भ, म हे पांच वर्ण दोन्ही ओंठ मिटल्यावांचून उच्चारतां येत नाहींत. म्हणून ते वर्ज्य. व्याकरणकार याहून पुढें जातात. उ आणि ऊ यांचें स्थान ओष्ठ, ओ आणि औ यांचें कंठोष्ठ, व याचें दंतोष्ठ, असें ते सांगतात. नियम कडक पाळावयाचा तर हींहि गेलींच.

आतां अडचण पाहा. ज्याचें चरित्र सांगावयाचें त्या रामाच्या नांवांतच म आहे! लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न, मारुति, सुग्रीव, बिभीषण, वसिष्ठ, विश्वामित्र हे सारे दाराबाहेर राहिले. कौसल्या व सुमित्रा गेल्या, रावण गेला, अयोध्याहि गेली. आंत कोण उरलें? सीता, जानकी, दशरथ, जनक, कैकेयी, अहल्या, अंगद, इंद्रजित आणि लंका. तेव्हां रामास 'दाशरथि' किंवा 'सीताकांत' म्हणावें, रावणास 'दशानन', मारुतीस 'अंजनीतनय' आणि अयोध्येस 'साकेत'. बाण चालत नाहीं, 'शर' चालतो. धनुष्य चालत नाहीं, 'शरासन' चालतें. वानर, कपि व मर्कट तिघेहि अडले, तरी त्याच अर्थाचा 'हरि' शब्द मोकळा असतो.

खरी कसोटी तर यापुढेंच आहे. मराठींतील 'मी' आणि 'तूं', 'आम्ही' आणि 'तुम्ही' हे सारे ओष्ठ्य. 'तो' नाहीं, 'होता' नाहीं, 'पण' नाहीं. ज्या कथेंत पदोपदीं संवाद आहेत, तींत बोलणारा 'मी' म्हणूं शकत नाहीं व ऐकणाऱ्यास 'तूं' म्हणतां येत नाहीं. 'म्हणे' बंद, म्हणून 'सांगे'. 'पाहे' बंद, म्हणून 'देखे'. कोशांतला दुर्मिळ शब्द हुडकणें त्यामानानें सोपें. रोजच्या बोलण्यांतल्या लहान शब्दांवांचून वाक्य उभें करणें कठीण.

अमेरिकेंत अर्नेस्ट व्हिन्सेन्ट राइट यानें 'गॅड्सबी' नांवाची पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी 1939 सालीं प्रसिद्ध केली. तींत इंग्रजींत सर्वांत अधिक येणारें 'ई' हें अक्षर त्यानें टाळलें. टंकलेखनयंत्रावरील तें अक्षर त्यानें बांधूनच ठेविलें होतें. त्यालाहि 'ही', 'शी' आणि 'दी' या इवल्याशा शब्दांनीं व भूतकाळाच्या प्रत्ययानें सतावलें. मोरोपंत आणि राइट यांच्यामध्यें सुमारें दीडशें वर्षें आणि अर्धी पृथ्वी आहे. अडचण मात्र एकाच जातीची.

तरीहि दोहोंत मोठा भेद आहे. इंग्रजी अक्षराचा खेळ डोळ्यांचा आहे. एकच 'सी' कधीं क होतो, कधीं स होतो. कागदावर लिहिल्यावांचून कोडें सुटत नाहीं. आपली वर्णमाला कंठापासून ओंठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमानें मांडलेली आहे. तींतील एक वर्ग वगळणें म्हणजे मुखाचा एक अवयव स्तब्ध ठेवणें. म्हणून निरोष्ठ काव्याची परीक्षा कानानें होते. श्रोत्यांनीं दोन ओंठांमध्यें एक काडी धरून 'सीता', 'दशरथ', 'लंका' असे शब्द उच्चारावेत. काडी जागची हलणार नाहीं. 'राम' म्हणतांच ती दाबली जाईल. ही कल्पना मोरोपंतांची स्वतःची नव्हे. दंडीच्या 'दशकुमारचरितां'त सातव्या उच्छ्वासांत मंत्रगुप्त आपली कथा पवर्ग टाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतानें त्याचा ओंठ दुखावलेला असतो. दंडीनें ती गद्य संस्कृतांत योजिली. पंतांनीं मराठींत संपूर्ण रामकथेस लाविली.

असे शब्द सांपडावे कसे? अकारविल्हे कोश येथें फारसा उपयोगी पडत नाहीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तर 1831 सालचा, म्हणजे पंतांच्या पश्चात्. त्यांच्या काळच्या पंडितांचें साधन होतें मुखोद्गत 'अमरकोश'. त्यांत शब्द अक्षरक्रमानें नसून अर्थाच्या गटांनीं, श्लोकबद्ध आहेत. पाण्याचीं सारीं नांवें एका ठिकाणीं. त्यांतून 'अंबु' सोडावें, 'नीर' घ्यावें. अर्थ ठाऊक आहे, अक्षर अडतें आहे, अशा वेळीं हाच कोश कामास येतो.

या सायासाची किंमतहि पडते, हें नाकारतां येत नाहीं. माय, बाप, भाऊ, बहीण, पाऊस, भाकरी हे जिव्हाळ्याचे शब्द अट बाहेर काढते आणि संस्कृत पर्याय गर्दी करतात. पंतांवर क्लिष्टतेचा आरोप होत आला, तो अशा रचनांमुळें बळावला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाले'त पंतांच्या कवितेचा विस्तारानें कैवार घेतला, त्याला हीच पार्श्वभूमि आहे. तथापि आई, लेक, घर, दार, शेत, झाड हे शब्दहि ओंठांवांचूनच उच्चारतात. अट मराठीस सर्वस्वीं परकी नाहीं. शिवाय एकशेंआठ ही जपमाळेच्या मण्यांची संख्या. भक्ताला तीच कथा पुन्हां सांगावयाची असते, आणि प्रत्येक वेळीं ती नव्यानें सांगतां यावी म्हणून तो स्वतःस नवी अट घालून घेतो. इंग्रजी कोडें सुटलें कीं संपतें. जप संपत नाहीं.

पंतांची खरी कीर्ति अर्थात् जेथें अशी अट नाहीं त्या 'केकावली'वर उभी आहे, आणि तें योग्यच आहे. पण तेथें दिसणारी शब्दांवरील हुकमत अशा व्यायामानेंच कमावलेली असली पाहिजे. या नियमाची कठोरता ध्यानीं येण्यास गांवांचीं नांवेंच तपासावींत. पुणें, मुळशी, बारामती, मुळशी तालुक्यांतलें बावधन, यांपैकीं एकहि निरोष्ठ श्लोकांत शिरूं शकत नाहीं. कवीचें नांव मोरोपंत तेंहि नाहीं, आणि 'मयूर' ही त्यांची काव्यमुद्राहि नाहीं. मोराची 'केका' मात्र ओंठ न मिटतां उच्चारतां येते.