बदललेल्या आवाजाची साक्ष

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात बारा अध्याय आहेत आणि त्यांचा विषय एकच आहे: रोगी वाचणार नाही हे वैद्याने कशावरून ओळखावे. त्यातला पहिलाच अध्याय वर्ण आणि स्वर यांचा. निरोगी माणसांचे आवाज कसकसे असतात हे सांगताना तिथे हंस, क्रौंच, दुंदुभी, रथाच्या चाकाची धाव, चिमणी, कावळा, कबुतर अशी यादी येते. कावळ्यासारखा कर्कश आवाजसुद्धा या यादीत प्रकृतीचा म्हणूनच मोजला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आजारी आवाज वेगळे सांगितले आहेत: मेंढीसारखा, कोणी गिळून टाकल्यासारखा, अस्पष्ट, अडखळणारा, क्षीण, दीन. म्हणजे आवाज गोड की बेसूर याच्याशी वैद्याला कर्तव्य नाही. या माणसाचा मूळचा आवाज कसा होता आणि आज तो कसा झाला आहे, एवढेच त्याने पाहायचे. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. आवाज ऐकून रोग ओळखण्याच्या पुढच्या दोन हजार वर्षांच्या प्रयत्नांकडे पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. काहीतरी बदलले आहे हे आवाज खात्रीने सांगतो, पण कोणता रोग झाला आहे हे तो एकट्याने क्वचितच सांगू शकतो. ही मर्यादा ज्यांनी पाळली त्यांना आवाजाने साथ दिली, आणि ज्यांनी ओलांडली त्यांची फसगत झाली.

यावर कोणी म्हणेल की आयुर्वेदानेच पुढे आवाजावरून दोष ओळखायला सुरुवात केली. ते खरे आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात स्वरभेदाचे, म्हणजे आवाज बिघडण्याचे, सहा प्रकार आहेत, आणि योगरत्नाकर या ग्रंथातल्या आठ परीक्षांमध्ये शब्दपरीक्षा आहे: कफाचा आवाज जड, पित्ताचा स्पष्ट, आणि या दोन्हींहून निराळा तो वाताचा. पण त्या आठांमध्ये नाडी, मूत्र, मल, जीभ, स्पर्श, डोळे आणि आकृती हेही आहेत, आणि वैद्याने निर्णय द्यायचा तो सगळे मिळून. राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, अकरा लक्षणांत चरकाने स्वरभेद धरला तोही खोकला, ताप, बरगड्यांतली कळ यांच्या रांगेत. क्षयावर औषध नव्हते त्या काळात तो स्वरयंत्रापर्यंत पोचे आणि माणसाचा आवाज पार जाई, त्यामुळे हे निरीक्षण चोख होते. मात्र नुसता आवाज ऐकून राजयक्ष्मा म्हणावे असे त्या ग्रंथात कुठेही नाही.

आवाजाची तार नेमकी कुठे जोडलेली आहे, हे दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्याने दाखवले. आवाज हृदयातून निघतो असे मानणारे तत्त्वज्ञ तेव्हा पुष्कळ होते. गेलनने सगळ्यांसमोर बांधलेल्या, किंचाळणाऱ्या डुकराच्या श्वासनलिकेशेजारचे दोन बारीक मज्जातंतू कापले. डुक्कर धडपडत राहिले, पण त्याचा आवाज बंद झाला. या मज्जातंतूंची वाट विलक्षण आहे. ते मेंदूकडून खाली येतात, छातीकडे जातात आणि वळसा घालून पुन्हा वर स्वरयंत्राकडे चढतात. डावा तर थेट महाधमनीच्या कमानीखालून फिरतो. त्यामुळे फुगलेली महाधमनी, फुफ्फुसातला कर्करोग, छातीतल्या क्षयाच्या गाठी, यांपैकी कशानेही तो दाबला गेला तरी घसा बसतो. १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनरने हृदयाची झडप अरुंद झालेल्या रुग्णांचा आवाज घोगरा झाल्याची नोंद केली, आणि या प्रकाराला आजही त्याचे नाव आहे. इतक्या निरनिराळ्या आजारांचा घोगरेपणा कानाला सारखाच लागतो. कान कितीही तयार असला तरी हृदय की फुफ्फुस हे त्याला सांगता येणार नाही, कारण चारही वाटा त्या एकाच मज्जातंतूवर येऊन मिळतात.

कानाने याहून पुढची मजल मारली ती पॅरिसमध्ये. १८१६ मध्ये रने लानेकने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपची सुरुवात झाली. त्याने नुसता श्वास ऐकला नाही, रुग्णांना बोलायला लावले. फुफ्फुसात क्षयाने पोकळी पडली असेल तिथे शब्द छातीतूनच थेट कानात बोलल्यासारखे येत. छातीत पाणी साठले असेल तर त्या पाण्याच्या वरच्या कडेशी आवाज शेळीच्या ओरडण्यासारखा थरथरत येई. आजही आपल्याकडे डॉक्टर पाठीला नळी लावून ‘एक-दोन-तीन म्हणा’ सांगतात, ती ही रीत. आता आक्षेप असा येईल की इथे तर आवाजानेच रोग सांगितला. पण लानेकने या खुणा पक्क्या केल्या त्या शवविच्छेदनाच्या टेबलावर. जिवंतपणी जे ऐकले ते मृत्यूनंतर छाती उघडून ताडून पाहिले, आणि असे वर्षानुवर्षे केल्यावर १८१९ मध्ये ग्रंथ लिहिला. शिवाय एका बाजूची छाती दुसऱ्या बाजूशी तोलून ऐकायची ही त्या तपासणीची आजही अट आहे. एकाच माणसाच्या आवाजाची त्याच्याच आवाजाशी तुलना, ही चरकाची अट इथे वेगळ्या रूपात पाळली गेली.

स्वरयंत्र हलताना प्रत्यक्ष पाहण्याची युक्ती मात्र साधली ती गाणे शिकवणाऱ्या मॅन्युएल गार्सियाला. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा विकत घेतला, तो गरम पाण्यात बुडवून घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आवाज कसा तयार होतो एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. व्हिएन्नाचा ट्युर्क आणि त्याच्यामागून चेरमाक यांनी तो आरसा रुग्णांसाठी वापरला, तेव्हा घसा बसण्यामागे सूज आहे, गाठ आहे की लुळा पडलेला स्वरतंतू, हे प्रथमच डोळ्यांनी दिसू लागले.

पण डोळाही पुरेसा नव्हता, हे १८८७ साली सगळ्या युरोपने पाहिले. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज जानेवारीपासून बसला होता. मार्चमध्ये बर्लिनच्या गेऱ्हार्टला डाव्या स्वरतंतूवर एक लहान गाठ दिसली. ती काढायचा, मग तापलेल्या तारेने जाळायचा प्रयत्न झाला, पण ती पुन्हा आली. मे महिन्यात शल्यविशारद बेर्गमान शस्त्रक्रियेच्या तयारीत असताना लंडनहून घशाचा डॉक्टर मोरेल मॅकेन्झी याला बोलावले गेले. त्याने गाठीचा तुकडा काढला, तो विकृतिशास्त्रज्ञ फिरखोने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि कर्करोग सापडला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली, प्रकृती सुधारत असल्याचे चित्र उभे राहिले, सप्टेंबरमध्ये मॅकेन्झीला ‘सर’ किताबही मिळाला. नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या सान रेमोला नवी वाढ दिसली तेव्हा शंका उरली नाही. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडावे लागले. मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला तो चिठ्ठ्या लिहून बोलणारा सम्राट, आणि ९९ दिवसांनी, १५ जूनला, तो मरण पावला. वेळीच शस्त्रक्रिया झाली असती तर तो वाचला असता का, यावर तेव्हापासून वाद आहे. त्या काळातल्या घशाच्या शस्त्रक्रियांत रुग्ण दगावण्याचे प्रमाण पाहता बेर्गमानची बाजू वाटते तितकी भक्कम नाही. माझ्या मते इथे शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आवाजाने आपले काम जानेवारीतच केले होते. आठवडेच्या आठवडे न सुटणारा घोगरेपणा म्हणजे शोध थांबवू नका, एवढे तो सांगत होता. एका तुकड्याचा निर्धोक अहवाल त्या इशाऱ्यापेक्षा मोठा मानला गेला, तिथे चूक झाली.

आता यंत्रांचा काळ आहे. मनुष्याच्या कानाला न कळणारे बारकावे संगणकाला कळतात, त्यामुळे जुन्या मर्यादा राहिल्या नाहीत, हा आजचा सगळ्यात जोरदार युक्तिवाद आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई महापालिकेनेही गोरेगावच्या नेस्को केंद्रात सुमारे हजार जणांच्या आवाजावरून कोविड ओळखून पाहण्याचा प्रयोग जाहीर केला. सोबत आरटी-पीसीआर चालूच ठेवायची हे तेव्हाच सांगितले गेले, ते योग्यच होते. पुढे ब्रिटनमध्ये ६७,८४२ लोकांचे खोकणे, उच्छ्वास आणि बोलणे ध्वनिमुद्रित करून मोठी पाहणी झाली. त्यांतले २३,५१४ जण कोविडबाधित होते. अचूकतेच्या ज्या मोजपट्टीवर १ म्हणजे निर्दोष आणि ०.५ म्हणजे नाणेफेक, तिच्यावर संगणकाला सुरुवातीला जवळपास ०.८५ मिळाले. मग वय, लक्षणे वगैरे बाबतींत सारखे असलेले बाधित आणि अबाधित लोक समोरासमोर ठेवले, तेव्हा तो आकडा ०.६२ वर उतरला. संगणकाने बारकावे ऐकले होते यात शंका नाही, पण ते विषाणूचे नव्हते. पाहणीत आलेल्यांपैकी कोणाला त्रास होत आहे आणि कोणाला नाही, हे तो ओळखायला शिकला होता. ते तर खोकला येतो का, असे विचारूनही कळले असते.

तरीही आवाजाची तपासणी सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. स्वस्त, बिनवेदनेची, फोनवरूनही होणारी ही तपासणी खेड्यापाड्यांना किती उपयोगी पडेल हे उघड आहे. पण अनोळखी माणसाचा आवाज ऐकून रोगाचे नाव सांगण्यापेक्षा ओळखीच्या माणसाचा आवाज बदलला का, हे विचारणे यंत्रालाही झेपणारे आहे. इस्रायलमध्ये ४० हृदयरुग्णांची वाक्ये फुफ्फुसांत पाणी साठून दाखल होताना आणि ते उतरून घरी जाताना ध्वनिमुद्रित केली, तेव्हा बहुतेकांच्या आवाजातला फरक संगणकाला ओळखता आला. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण थोडे होते, पण प्रश्न योग्य विचारला होता. पार्किन्सनच्या रुग्णांबाबत तर याची फार गरज आहे, कारण आपला आवाज बारीक आणि एकसुरी होत चालला आहे हे त्यांचे त्यांना पुष्कळदा कळतच नाही. यासाठी आजाराआधीचा आवाज कुठेतरी जपून ठेवलेला असावा लागतो. केसपेपरवर वजन, रक्तदाब, साखर यांना जागा आहे, आवाजाला नाही. अपवाद थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचा: गेलनने कापले तेच मज्जातंतू त्या ग्रंथीला चिकटून जात असल्यामुळे अनेक शल्यविशारद आधी स्वरतंतू तपासून नोंद करतात आणि नंतर त्या नोंदीशी ताडून पाहतात.