केलेलं ध्यानात ठेवणं

मराठीत कुणाचे उपकार मानायचे म्हटलं की शब्द बहुधा सावकाराच्या वहीतून येतात. आपण ऋणी असतो, पुस्तकाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश करतो, कधीतरी उतराई होऊ म्हणतो. ‘आभार’ या शब्दात तर ‘भार’ उघडच बसला आहे. त्याचा धातू ‘भृ’, म्हणजे वाहणं. समोरच्यानं काही दिलं आणि आपल्या डोक्यावर ओझं चढलं, असा हा सगळा हिशेब.

जव्हार-मोखाड्याचा विचार करताना हा हिशेब मला नकोसा वाटतो. हे तालुके आज पालघर जिल्ह्यात आहेत; तो जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. त्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. ते बहुतेकदा फिटतच नसत. 1945 साली या वेठीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला. त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्या भूमीत ऋण या शब्दाला असा घामाचा आणि अपमानाचा वास आहे, तिथल्या माणसांविषयी मनात दाटून येणारं बरं काही सांगायला ‘ऋणी’ हा शब्द कसा चालेल?

‘कृतज्ञ’ हा शब्द मात्र वेगळ्या घरातला आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. यात देणं नाही, फेडणं नाही, ओझं नाही. कुणी काहीतरी केलं आहे आणि ते मला ठाऊक आहे, एवढंच. त्याच्या उलट ‘कृतघ्न’, केलेलं मारून टाकणारा. पैसे बुडवणाऱ्याला हा शब्द लागू होईलच असं नाही. जो विसरला, त्याला तो नक्की लागू होतो.

पालीत हाच शब्द ‘कतञ्ञू’ होतो. अंगुत्तर निकायात बुद्धांनी दोन प्रकारची माणसं जगात दुर्मीळ म्हणून सांगितली आहेत: आधी होऊन दुसऱ्याचं भलं करणारा आणि झालेलं भलं जाणणारा. बुद्धांची ध्यानपरंपरा इथून फार दूर नाही: मोखाड्यातल्या खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसारा गाठावा, घाट चढावा, की इगतपुरी येते. तिथे धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. ती सुरू करणारे सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातले. 1969 साली आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून मिळालेली विद्या घेऊन ते भारतात आले. त्यांच्याच प्रेरणेनं मुंबईजवळ गोराईला जो भव्य पॅगोडा उभा राहिला, त्याला यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याचं रूप मुद्दाम दिलं. ज्या देशानं ही विद्या सांभाळली, त्याचं स्मरण राहावं म्हणून.

स्मरण हा शब्द इथे सहज आलेला नाही. ध्यानाच्या या परंपरेत जिला सजगता म्हणतात, तिचं पाली नाव ‘सति’, आणि सति म्हणजे आपली स्मृती. ‘ध्यान’चा धातू ‘ध्यै’, चिंतन करणं. ‘ध्यान’ हाच शब्द पालीत ‘झान’ झाला, चीनमध्ये ‘चान’ आणि जपानात ‘झेन’. एवढी दूरची यात्रा करणाऱ्या या शब्दाला मराठीनं घरी मात्र साध्या कामाला लावलं. ‘ध्यानात ठेव’, ‘माझ्या ध्यानातच राहिलं नाही’ असं आपली आजीही म्हणते, मांडी न घालता. मराठी बोलणाऱ्याला ध्यान आणि आठवण या दोन गोष्टी आहेत हे वेगळं शिकवावं लागतं. भाषेनं त्या कधी तोडल्याच नाहीत. म्हणून रोज ध्यानाला बसणाऱ्याला हळूहळू माणसं आठवू लागतात, याचं मला नवल वाटत नाही. मनातली गडबड शमली की केलेलं दिसतं.

ध्यानातून आठवणीबरोबर उत्साहही येतो. हा शब्द ‘उत्’ आणि ‘सह्’ मिळून झाला. ‘सहन’, ‘असह्य’ हे त्याच ‘सह्’चे गोतावळ्यातले. विपश्यनेच्या शिबिरात चौथ्या दिवसापासून ‘अधिष्ठाना’ची बैठक असते: एक तास डोळे न उघडता, हात-पाय न हलवता. गुडघा ठणकतो, पाठ पेटते, आणि मग कधीतरी ते ठणकणं आपोआप ओसरतं. त्या बैठकीतून उठणाऱ्या माणसाच्या अंगात जी उमेद असते, ती भाषणं ऐकून येत नाही. सहन आणि उत्साह एकाच मुळाचे का, हे तिथे शरीराला कळतं.

जव्हार-मोखाड्यात केलेलं जाणणं वर्षाच्या चक्रातच ओवलेलं आहे. पावसाच्या सुरुवातीला रानात उगवणारी कवळीची भाजी आधी देवाला, मग घरात. वरकस उतारावरची नागली, वरई, खाचरातलं भात, नवं म्हणून जे जे येईल ते दाखवल्याशिवाय जुन्या चालीचं घर तोंडात घालत नाही. राब भाजण्यापासून मळणीपर्यंत ज्यांचे हात लागले, ज्या बैलांनी ओढलं, ज्या पावसानं वेळ पाळली, त्यांची एकदा दखल घ्यायची आणि मग घास. यालाच मी कृतज्ञता म्हणेन.

पण तिचा अर्थ मुकाट्यानं सोसणं असा कुणी लावू नये. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली. आजही दिवाळीनंतर इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. केलेलं जाणणाऱ्यानं न केलेलंही जाणलं पाहिजे. ‘ज्ञ’ला अर्धंच पाहायची मुभा नाही.

याच भागातल्या कोकणा समाजात धान्याच्या देवीची, कणसरीची कथा थाळीवर गातात. नावातच कणीस आहे. काशाच्या थाळीत मेणावर एक बारीक काडी उभी करतात आणि तिच्यावरून बोटं वरून खाली ओढतात. थाळी घुमू लागते, एकसुरी, न थांबणारी, आणि तिच्या सुरावर कथा रात्रभर चालते. आपण खातो तो दाणा कुठून आला, याचीच ती आठवण. तुम्ही त्या बाजूला गेलात आणि थाळीवर गाणारे कुणी भेटले, तर मोबाइल पुढे धरून पाच मिनिटांचा नमुना मागू नका. रात्र काढा आणि पूर्ण कथा ऐका.