चुकलेल्या ठोक्याचा शोध

वैद्य नाडी पाहतो, त्याप्रमाणे जुन्या मोटारीचा जाणकार प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतो. चार सिलिंडरांचे इंजिन निरोगी असले म्हणजे त्याचे ठोके एका लयीत पडतात. त्यांतला एखादा गळू लागला की गाडी हिसके देते आणि चढावर तिचा दम तुटतो. गॅरेजांतून या विकाराला ‘मिसिंग’ म्हणतात. तो ओळखण्याच्या विद्येलाही इतिहास आहे, आणि एका जर्मन गाडीच्या चरित्रात तो विशेष स्पष्ट दिसतो.

हॉलंडमधील मोटारविक्रेते बेन पॉन यांनी २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या टिपणवहीत एका पेटीवजा गाडीचे रेखाटन केले. वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवागेनच्या कारखान्यात सामान वाहण्यासाठी वापरली जाणारी एक उघडी गाडी त्यांनी पाहिली होती. तिच्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. ८ मार्च १९५० रोजी या गाड्यांचे नियमित उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसविण्याजोगे घरगुती सामान विक्रीस आणले, आणि मालवाहू गाडीचे फिरते घर झाले.

या घराचे इंजिन मागील बाजूस होते. प्रारंभी त्याचे आकारमान १,१३१ घन सेंटीमीटर आणि शक्ती अवघी २५ अश्वशक्ती होती. ते पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्याने थंड होई. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उकळण्याची किंवा हिवाळ्यात गोठण्याची धास्ती नव्हती. परंतु वारा चारही सिलिंडरांना सारखा मिळत नसे. तेल थंड करणारी जाळी पंख्याच्या कवचातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर उभी होती. साहजिकच तिसरा सिलिंडर अधिक तापे. ही उणीव निर्मात्यांना ठाऊक होती. काही डिस्ट्रिब्यूटरांमध्ये तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा पडेल अशी योजना आढळते. १९७१ च्या मॉडेलपासून ही जाळी बाजूला हलवून तिला वाऱ्याची स्वतंत्र वाट देण्यात आली.

या तापाचा पहिला बळी ठरे ती जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. तिच्या टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहून किंचित अधिक फट ठेवावी लागते. झडपेचा दांडा तापून ताणला गेला की ही फट बुजते. मग झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नाही, अंगची उष्णता तिला देता येत नाही, आणि ती जळू लागते. शेवटी तिचे डोके तुटून पिस्टनवर पडले तर इंजिनाचा चुराडा होतो. यातील खरा धोका असा की सैल टॅपेट खडखडतो, पण घट्ट झालेला टॅपेट मुका असतो. ज्या शांततेने मालक सुखावतो, तीच अनेकदा रोगाची खूण असते.

दुसरे मर्मस्थान ठिणगीचे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवरील प्रज्वलनाची पद्धती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली, आणि तिचेच तत्त्व पुढे या जर्मन गाडीतही होते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात दर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. प्रत्येक ठिणगीसाठी डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडतो, तो सुमारे ०.४ मिलिमीटर. त्याची टाच झिजली की ही फट कमी होते आणि ठिणगीची वेळही ढळते.

म्हणून निदानाला क्रम आला. इंजिन चालू ठेवून प्लगच्या तारा एकेक करून, आवरण असलेल्या पकडीने अलग कराव्यात. जी तार काढूनही लय बदलत नाही, तो सिलिंडर रोगी. त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहावा. विकार प्लगबरोबर गेला तर दोष प्लगचा. तो जागचा हलला नाही तर तार, डिस्ट्रिब्यूटरचे टोपण आणि सिलिंडरमधील दाब तपासावा. सुधारणेचाही क्रम ठरलेला आहे: थंड इंजिनावर टॅपेट, मग पॉइंट, नंतर ठिणगीची वेळ आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. पुष्कळांचा हात मात्र प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडेच जातो, कारण तो फिरविणे सोपे असते.

ही विद्या कारागिरांपुरती राहू नये म्हणून अमेरिकेतील अभियंता जॉन मुइर यांनी १९६९ साली ‘हाऊ टु कीप युअर फोक्सवागेन अलाइव्ह’ हे पुस्तक काढले. पीटर अ‍ॅशवांडन यांच्या चित्रांनी नटलेले हे पुस्तक हाती पाना न धरलेल्या माणसासाठी होते. दर ३,००० मैलांनी टॅपेट तपासण्याचा त्यात आग्रह आहे.

त्याच काळात युरोपातील तरुण अशा गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या वाटेने भारतात, आणि पुढे गोव्यातील हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत येत. काबूल सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत पेट्रोलचे प्रमाण अधिक होते, प्लग काळे पडतात, इंजिन अडखळते. अशा वेळी कार्ब्युरेटरला पेट्रोल कमी करून घेतले आणि तो तसाच ठेवून पेशावरच्या सखल प्रदेशात उतरले, तर मिश्रण फार सौम्य होऊन इंजिन अधिक तापते; मग त्या तिसऱ्या सिलिंडरवर संकट येते. लक्षणावर घाईने केलेला उपचार असा मूळ रोगाहून महाग पडतो. १९७९ साली इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांचा प्रवेश यांमुळे ही वाट बंद झाली.

१९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील नव्या मोटारींना गळलेला ठोका स्वतः ओळखणारी योजना सक्तीची झाली. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या गतीतील सूक्ष्म चढउतारावरून संगणक हे ताडतो. जाणकाराच्या कानाचेच हे काम. तिसऱ्या सिलिंडरचा दोष असल्यास तो ‘पी ०३०३’ हा संकेत दाखवितो. परंतु रोगी कोण एवढेच त्या संकेतातून कळते. प्लग, तार, झडप की पेट्रोल, हे ठरविण्यास पूर्वीचाच क्रम आणि पूर्वीचाच धीर लागतो.