जाळीआडचे प्राणी आणि कॅमेरा

प्राणिसंग्रहालयातील छायाचित्रण म्हणजे बंदिस्त प्राण्यांचे, प्रेक्षकांसाठी आखून दिलेल्या अंतरावरून केलेले चित्रण. रानात प्राणी दिसेल याची शाश्वती नसते. येथे तो समोरच असतो आणि अडचण असते ती मधल्या जाळीची, काचेची किंवा खंदकाची. फोंडा तालुक्यातील बोंडला अभयारण्याच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात मोबाईल उंचावणाऱ्या अनेकांच्या पदरी प्राण्याऐवजी ठळक जाळीच पडते, ती यामुळेच.

जाळी नाहीशी करण्याचे खरे काम संगणकावर नव्हे, जागेवरच होते. लेन्स जाळीच्या जितकी जवळ आणि प्राणी जाळीपासून जितका दूर, तितक्या तारा अस्पष्ट होत जातात. जोडीला लांब पल्ल्याची लेन्स आणि एफ २.८ ते ५.६ एवढे मोठे छिद्र असेल, तर त्या जवळजवळ विरघळून जातात. मात्र जाळीवर ऊन पडले असेल तर हा उपाय फसतो. तारा चमकतात आणि चित्रभर पांढुरका पडदा पसरतो. म्हणून जाळीचा सावलीतला भाग शोधावा. तिच्याजवळ जाण्यासाठी कठडा ओलांडणारे महाभागही असतात. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

काचेपुढे रबरी हूड काचेला टेकवून, शक्य तितके सरळ उभे राहून चित्र घेतले की प्रतिबिंबे टळतात. फ्लॅश काचेवरून उलटतो आणि प्राणीही बिचकतो. आवाज करून वा अन्य प्रकारे प्राण्यांना त्रास देणे, त्यांना डिवचणे किंवा खाऊ घालणे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार मनाई आहे. प्राण्याने मान वळवावी म्हणून मारलेली शीळही याच मनाईत बसते. थांबणे हाच उपाय.

गोव्याचा राज्यप्राणी गवा हा छायाचित्रकाराची परीक्षा घेणारा प्राणी आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करडे धरून चालतो. गव्याच्या काळ्याभोर अंगाने चौकट व्यापली की तो गरजेपेक्षा अधिक प्रकाश घेतो. अंग फिके दिसते आणि पायांवरचे पांढरे ‘मोजे’ जळून निव्वळ कोरे होतात. अशा वेळी एक्स्पोजर सुमारे एक स्टॉप कमी ठेवावे. काळोख्या भागातील तपशील रॉ फाईलमधून नंतर बराचसा वर काढता येतो, जळालेला पांढरा मात्र परत येत नाही.

संपादनाची सुरुवात येथून होते. जाळीने वा काचेने खाल्लेला छायाप्रकाशातील फरक भरून काढणे, झाडोऱ्यातून अंगावर उतरलेली हिरवी झाक व्हाइट बॅलन्सने काढणे, सिमेंटचा हौद किंवा पाण्याचा नळ चौकटीबाहेर ठेवणे, उंच आयएसओमुळे आलेले रवाळपण कमी करणे, ही सारी कामे निर्धोक आहेत. धार वाढवताना हात आखडता घ्यावा, नाहीतर केसाळ प्राणी तारेच्या घासणीसारखा दिसू लागतो.

धोका आहे तो तार पुसण्यात. मागे धूसर झाडी असेल तर फारसे बिघडत नाही. वाघाच्या कुशीवरून गेलेली तार पुसली, तर त्या जागी सॉफ्टवेअर अंदाजाने पट्टे रंगवते. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. देशातील व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवरून वाघ ओळखले जातात ते पट्ट्यांवरूनच. पुसलेल्या तारेखाली दिसणारा वाघ त्यामुळे त्या पिंजऱ्यातला राहत नाही, तो कुठलाच राहत नाही.

दुसरी फसवणूक एकही बिंदू न बदलता होते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो लांडगा रानटी नसून बहुधा स्पेनमधील एका प्राणिउद्यानातील माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष पुढे परीक्षकांनी काढला आणि २०१० च्या जानेवारीत पुरस्कार रद्द झाला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. चित्र उत्तमच होते. वाद होता तो लांडगा कुठला याचा.

म्हणून चित्राखालच्या ओळीत प्राण्याच्या नावाबरोबर प्राणिसंग्रहालयाचेही नाव द्यावे, जाळी पुसली असेल तर तसे नमूद करावे आणि मूळ रॉ फाईल जपून ठेवावी. मोठ्या स्पर्धांमध्ये अंतिम टप्प्यावर तीच मागितली जाते.