दोन विजयांचा हिशेब

1943 सालचा डिसेंबर. महायुद्ध चालू होतं, कसोटी क्रिकेट बंद होतं, आणि मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांना तुडुंब गर्दी होती. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि 1937 पासून आत आलेला ‘रेस्ट’ असे पाच संघ. जात-धर्म पाहून वाटलेली स्पर्धा. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते रेस्टकडून खेळत. गिरणीमालक ठाकरसी घराण्यातले विजय मर्चंट हिंदूंकडून. या स्पर्धेतली सर्वोच्च धावसंख्या मर्चंटांच्या नावावर होती, 243. हजारेंनी मुस्लिम संघाविरुद्ध 248 काढून ती मोडली. मग अंतिम सामना या दोघांच्याच संघांत आला आणि मर्चंटांनी नाबाद 250 करून विक्रम परत घेतला.

हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव घोषित केला. रेस्ट 133 मध्ये गारद, पाठोपाठ फॉलोऑन. दुसऱ्या डावात त्यांनी 387 केल्या, त्यातल्या 309 एकट्या हजारेंच्या. त्यांच्यात आणि त्यांचे बंधू विवेक यांच्यात 300 धावांची भागीदारी झाली, तीत विवेक यांचा वाटा 21. सामना हिंदूंनी एक डाव आणि 61 धावांनी जिंकला, विक्रम मात्र हजारेंकडे गेला. त्यावर मर्चंटांनी त्याच हंगामात रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 काढल्या.

मोठा कोण, हा वाद तिथे पेटला. पुढे माणसं बदलली, वाद तोच राहिला: गावसकर की तेंडुलकर, तेंडुलकर की लारा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ब्रॅडमन. मर्चंट आणि हजारे यांचं प्रकरण मात्र या सगळ्यांत अभ्यासाला सोयीचं आहे. दोघांच्या वयात चार वर्षांचंही अंतर नाही. मैदानं तीच, गोलंदाज बरेचसे तेच, नियमही तेच. काळ वेगळा होता, ही पळवाट इथे चालत नाही.

आकड्यांकडे पाहावं तर कसोटीत मर्चंटांची सरासरी 47.72, हजारेंची 47.65. फरक सात शतांश धावांचा. प्रथम श्रेणीत मात्र मर्चंट 71.64 वर आहेत. भरपूर डाव खेळलेल्यांत त्यांच्या पुढे फक्त ब्रॅडमन, 95.14. हजारे 58.38. एवढ्यावर निकाल लावायचा तर मर्चंट लांब पुढे आहेत.

पण त्या काळात आपल्याकडे धाव किती स्वस्त होती, हे आधी पाहायला हवं. मार्च 1949 मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजीचा उपांत्य सामना झाला. मुंबई 651 आणि 8 बाद 714, महाराष्ट्र 407 आणि 604. एका सामन्यात 2376 धावा, नऊ शतकं. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा विश्वविक्रम. त्याआधी तीनच महिने, त्याच पुण्यात, भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 वर होते. ब्रॅडमन यांच्या 452 ला नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. या पाटा खेळपट्ट्यांवरच्या धावा जशाच्या तशा मोजायच्या तर त्यांचं नाव जगातल्या पहिल्या दहांत लिहावं लागेल. तसं कुणी करत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने मर्चंटांच्या रणजीतल्या 98.75 या सरासरीकडेही जरा डोळे बारीक करून पाहावं लागतं.

फक्त मर्चंटांचे टीकाकार एक उन्हाळा विसरतात. 1946 चा इंग्लंडमधला मोसम पावसाचा होता, खेळपट्ट्या तेव्हा उघड्यावर भिजत, आणि ओल्या मातीवर चेंडू कधी थांबून येई, कधी अंगावर उसळे. त्या दौऱ्यावर मर्चंटांनी 74.53 च्या सरासरीने 2385 धावा केल्या. ओव्हल कसोटीत 128. पाटा खेळपट्टीचा फलंदाज म्हणून त्यांना मोडीत काढणं या आकड्यांपुढे टिकत नाही. त्यांच्या बाजूची अडचण वेगळीच आहे. अठरा वर्षांत त्यांना फक्त दहा कसोट्या मिळाल्या, त्या सगळ्या इंग्लंडविरुद्ध. ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियात, म्हणजे त्या वेळच्या सर्वांत कडव्या परीक्षेत, ते 1947-48 ला गेलेच नाहीत.

हजारे गेले. अ‍ॅडलेडला ब्रॅडमन यांनी 201 काढल्या (त्रिफळा उडवला तो हजारेंनीच), ऑस्ट्रेलियाची धावसंख्या 674. उत्तरात हजारे 116. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात रे लिंडवॉलने 38 धावांत सात बळी घेतले, भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले, आणि 277 धावांपैकी हजारेंच्या 145. भारत डावाने हरला, त्यामुळे धावफलक चाळणारा पटकन पान उलटतो. पण कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय, आणि समोर लिंडवॉल-मिलर. ब्रेबर्नवरच्या 309 धावा अ‍ॅडलेडच्या 145 पुढे फिक्या आहेत.

ज्याच्या-त्याच्या काळाच्या भावात धावा मोजायच्या, ही कल्पना पुढे यंत्रात बसवली गेली. इंग्लंडचे माजी कर्णधार टेड डेक्स्टर यांच्या पुढाकाराने 1987 मध्ये गुणांकन सुरू झालं. आज आयसीसीची क्रमवारी म्हणतात ती हीच. प्रतिस्पर्धी गोलंदाजांची ताकद किती, त्या सामन्यात एकूण धावा किती निघाल्या, हे त्यात धरलं जातं. जुने सामने त्यात घातले तेव्हा ब्रॅडमन 961 गुणांवर सर्वोच्च आले. गावसकरांचा कळस 916, तेंडुलकरांचा 898. मुंबईच्या कट्ट्यांवर हे आकडे सांगून पाहावेत; शिवाजी पार्क लगेच दोन गटांत विभागतं.

नुसत्या सरासरीपेक्षा ही पद्धत बरी, एवढं मान्य करायला हरकत नाही. सरासरीच्या तक्त्यात ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅडम व्होजेस 61.87 सह जॉर्ज हेडली (60.83) आणि ग्रॅम पोलॉक (60.97) यांच्या वर बसतो. व्होजेस वीस कसोट्या खेळला, आणि त्यात कमजोर झालेल्या वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 269 आणि नाबाद 106 होत्या. हेडलीने तीसच्या दशकात अख्खा संघ पाठीवर वाहिला.

गावसकरांच्या खात्यातही अशी उकल करावी लागते. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्याचा संघ निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. त्या संघातल्या एकवीस वर्षांच्या मुलाने चार कसोट्यांत 774 धावा काढल्या. पण तेव्हा वेस्ट इंडिजकडे नंतरचा तो वेगवान तोफखाना नव्हता, आणि 1978-79 मध्ये त्यांचे बडे खेळाडू पॅकरच्या खासगी क्रिकेट मालिकेत गेलेले होते. मोठेपण सिद्ध करायला 1983 बघावं. दिल्लीत मार्शल-होल्डिंगसमोर 121, ब्रॅडमन यांच्या 29 शतकांशी बरोबरी करणारी खेळी, आणि त्याच मालिकेत मद्रासला नाबाद 236.

यंत्र तरीही कधी कधी फसतं. 2001 मध्ये विस्डेनने कसोटीतल्या सर्वोत्तम शंभर खेळींची यादी सूत्राने काढली. पहिली ब्रॅडमन यांची मेलबर्नमधली 270, दुसरी लाराची ब्रिजटाउनमधली नाबाद 153. लक्ष्मणची 281 सहावी. तेंडुलकरची एकही नाही! सामना जिंकून देण्याला त्या सूत्रात मोठं वजन होतं, आणि चेन्नईत 1999 साली पाकिस्तानविरुद्ध त्याने पाठदुखी सोसत काढलेल्या 136 नंतर भारत बारा धावांनी हरला होता. दहा जण काय करतात यावर अकराव्याची खेळी मोजायची, हे हजारेंनाही अन्यायाचंच ठरतं. ब्रॅडमन यांनी स्वतः निवडलेला सार्वकालिक संघ त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच 2001 मध्ये, जाहीर झाला. त्यात तेंडुलकर होता.

मर्चंट-हजारे वादात कौल द्यायचाच, तर तो हजारेंना द्यावा, थोडक्या फरकाने. मर्चंटांचं तंत्र अधिक रेखीव होतं, भारतीय सलामीच्या फलंदाजीचा पाया त्यांनी घातला. पण सर्वांत महाग धावा हजारेंनी काढल्या. 1951 च्या नोव्हेंबरात दिल्लीत इंग्लंडविरुद्ध दोघे एकत्र खेळपट्टीवर उभे राहिले आणि तिसऱ्या विकेटसाठी 211 धावा जोडल्या. चाळिशी गाठलेल्या मर्चंटांनी 154 काढल्या, तोपर्यंतची भारतीयाची कसोटीतली सर्वोच्च खेळी. हजारे नाबाद राहिले, 164 वर. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंटांचा खांदा दुखावला आणि त्यांची कसोटी कारकीर्द संपली.