पानगळीतला ओक आणि मोळीवाल्या बाया



आपल्याकडे पानगळ होते ती थंडी सरताना. फ्रान्समध्ये ती ऑक्टोबरातच सुरू होते. तिथल्या एका पानगळीचं चित्र क्लोद मोने या चित्रकाराने १८६५ साली रंगवलं. आज त्याविषयी बोलू या.

पॅरिसच्या दक्षिणेला फोंतेनब्लो नावाचं मोठं जंगल आहे. तिथला एक जुना, पसरलेल्या फांद्यांचा ओक, पानांतून झिरपणारं ऊन आणि खाली तांबूस पानांचा सडा, एवढंच या चित्रात आहे. माणूस एकही नाही. मोने तेव्हा चोवीस वर्षांचा होता. हे चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

चित्रकार या जंगलात आधीपासूनच येत होते. १८४९ मध्ये तिथवर रेल्वे आली आणि वर्दळ वाढली. ट्यूबमधले तयार रंग निघाल्यामुळे झाडाखाली बसून रंगवणं सोपं झालं होतं. पण त्याच वेळी वनखातं जुने ओक तोडत होतं आणि पाइन लावत होतं. लाकूड विकलं जायचं, पाइन भराभर वाढायचा. सरकारी हिशेबात ते बरोबरच होतं.

तेओदोर रूसो या चित्रकाराला मात्र ते सहन होईना. त्याने १८५२ मध्ये थेट राज्यकर्त्याकडे अर्ज केला, की ही जुनी झाडं तोडू नका. पुढच्याच वर्षी सुमारे ६२४ हेक्टर जंगलातली तोड थांबली. १८६१ मध्ये शाही हुकूम निघाला आणि १,०९७ हेक्टर, म्हणजे सुमारे २,७०० एकर जंगल राखलं गेलं. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान यानंतर अकरा वर्षांनी झालं.

आता दुसरी बाजू. जंगलाच्या काठी बार्बिझों नावाचं गाव आहे. तिथे ज्यां-फ्रान्स्वा मिले हा शेतकऱ्याच्या घरातला चित्रकार राहत होता. त्याच्या चित्रांत बाया आहेत. कापणी झालेल्या शेतात वाकून सरवा वेचणाऱ्या, पाठीवर काटक्यांची जड मोळी घेऊन जंगलातून परतणाऱ्या. चित्रकार जिथे ऊन-सावली शोधत होते, तिथेच या बाया चुलीसाठी जळण शोधत होत्या.

जंगल वाचलं ही मोठीच गोष्ट झाली. पण ते राखलं गेलं ते त्याच्या सौंदर्यासाठी, आणि ज्यांचा शब्द दरबारी पोचत होता त्यांनी मागितलं म्हणून. मोळी वाहणारीलाही त्या जंगलाची खडान्‌खडा माहिती असणार. तिला कुणी विचारलं असतं, तर कोणती झाडं राखा असं तिने सांगितलं असतं?

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. आपल्या शिवारातलं कोणतं झाड राखायचं, कशासाठी, आणि ते ठरवताना आपण तिथे असतो का? तुमची उत्तरं आम्हाला कळवा.